पोकलेन-जेसीबीच्या वायरिंगला डीसी क्लॅम्प मीटर: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

खडी क्रशरवरचे पोकलेन, रस्त्याच्या कामावरचे जेसीबी यांच्या वायरिंगचं काम मी करतो. सोलापुरात अक्कलकोट रोडपासून तळे हिप्परग्यापर्यंत, जिथं मशीन उभं राहील तिथं जावं लागतं. उन्हाळ्याच्या तोंडावर डीसी क्लॅम्प मीटर घेतला, म्हणजे वायर न तोडता ती जबड्यात धरून करंट मोजणारा मीटर. आता पावसाळाही सरत आला, म्हणून सविस्तर लिहितोय.

घ्यायच्या आधी एक बघा. दुकानात स्वस्तात मिळणारे बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात. घरच्या किंवा पंपाच्या कामाला ते ठीक, पण बॅटरीचा करंट डीसी असतो. त्यासाठी जबड्यात हॉल सेन्सर (वायरीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सेन्सर) असलेलाच मीटर लागतो. अँपिअरच्या खुणेजवळ सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ दिसली तरच पैसे द्या. माझा ६०० अँपिअरचा आहे आणि त्यात मिन-मॅक्सचं बटण आहे. ऑपरेटर केबिनमध्ये सेल्फ मारतो, मी खाली स्टार्टरपाशी (सेल्फ म्हणजेच स्टार्टर, इंजिन फिरवून चालू करणारी मोटर); सगळ्यात कमी-जास्त आकडा मीटर धरून ठेवतो. ही सोय नसेल तर घेऊ नका.

खरी किंमत वसूल झाली ती कुंभारीकडच्या एका क्रशरवर. पोकलेन सकाळी चालू व्हायचा, दुपारी गरम झाला की सेल्फ नुसता कण्हायचा. बॅटऱ्यांचा जोड नवा टाकलेला. मालकांचं एकच, "मिस्त्री, सेल्फच गेलाय की वो, नवा बसवून टाका." सेल्फ मारताना बॅटरीवर २३.४ व्होल्ट, स्टार्टरवर मात्र १८.२. म्हणजे ५.२ व्होल्ट वाटेतच गडप. प्लसच्या केबलवर अर्धा व्होल्ट गेला होता. मग एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरा स्टार्टरच्या बॉडीवर धरून पुन्हा सेल्फ मारायला लावला: ४.७! करंटही १८० च्या आसपासच अडकलेला. म्हणजे दोष मायनसच्या वाटेत. चेसिसवरचा अर्थिंगचा पट्टा सोडला तर लगच्या (टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली रंग, गंज आणि खडीची भुकटी यांचा थर. पत्रा चकचकीत घासून बोल्ट आवळला, तीच जागा ०.२ वर आली आणि करंट ३०० च्या वर गेला. जुनाच सेल्फ अजून चालतोय.

हाच मीटर ओहमवर (रेझिस्टन्स मोजायला) लावून तो पट्टा तपासला असता तर ठणठणीत दाखवला असता. केबलची एक तार शाबूत असली तरी ओहम बरोबर येतो. लोड चालू असतानाचा व्होल्टेज ड्रॉपच, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गेले तेच, खरं सांगतो. माझं तर म्हणणं, क्लॅम्पपेक्षा मीटरचा हाच भाग रोज जास्त कामाला येतो, आणि आमच्या भागात निम्मे सेल्फ-अल्टरनेटर विनाकारण बदलले जातात ते ही तपासणी न केल्यामुळेच.

आता तक्रारी. मे महिन्यात सोलापूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको. मीटरच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलंय. तापलेल्या बॉनेटवर ठेवला की शून्य सरकतं, काहीच नसताना दोन-तीन अँपिअर दाखवतो. म्हणून दर वेळी वायर जबड्यात घ्यायच्या आधी, मीटर त्याच दिशेला धरून झीरोचं बटण दाबायचं. उन्हात स्क्रीनही नीट दिसत नाही.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर तिथं क्लॅम्पवर भरवसा नको. ५०-६० मिलीअँपिअरची गळती एवढ्या मोठ्या जबड्याला पकडता येत नाही. त्यासाठी मी मीटर मिलीव्होल्टवर लावतो आणि फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावरच्या दोन टोकांवर प्रोब टेकवतो. ज्या फ्यूजवर शून्याऐवजी थोडेसे मिलीव्होल्ट दिसतील, त्या सर्किटमध्ये करंट वाहतोय. फ्यूज उपसले तर कंट्रोलर जागे होतात आणि सगळा हिशेब बिघडतो.

नव्या मशीनच्या कॅन लाइनलाही (कंट्रोलर एकमेकांशी ज्यावरून बोलतात त्या दोन तारा) याचा उपयोग होतो, पण जेवढ्यास तेवढा. बॅटरीचं कनेक्शन काढून दोन तारांमध्ये ६० ओहम आले तर दोन्ही टोकांचे १२० चे रेझिस्टर जागेवर आहेत. १२० आले तर एक तुटलाय किंवा लाइन कुठंतरी सुटलीय. पावसानंतर कपलरच्या (वायरी जोडायच्या कनेक्टरच्या) पिना हिरव्या पडल्यात का ते आधी बघा. त्यापुढचे बिघाडाचे कोड वाचायला लॅपटॉपच लागतो.

सोबत आलेल्या वायरी मात्र ताठ आणि आखूड निघाल्या. सिलिकॉनच्या मऊ वायरी आणि कपलरच्या मागून घालायच्या बारीक पिना वेगळ्या घ्या. टोकदार प्रोबनं इन्सुलेशन टोचू नका, पावसाळ्यात तिथूनच पाणी शिरतं.