१९११चे आयर्लंड, घराघरांतून : राष्ट्रीय अभिलेखागाराच्या जनगणना-सेवेचे परीक्षण

रविवार, २ एप्रिल १९११च्या रात्री आयर्लंड बेटावर जो कोणी ज्या घरात मुक्कामाला होता, त्याची त्या घराच्या तक्त्यात नोंद झाली. अशी सुमारे ४३ लाख ९० हजार माणसे भरली. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने कॅनडाच्या अभिलेखागाराच्या सहकार्याने हे सारे मूळ तक्ते स्कॅन करून २००७ ते २००९ या काळात टप्प्याटप्प्याने इंटरनेटवर खुले केले, आणि पाठोपाठ १९०१ची जनगणनाही उपलब्ध करून दिली. यासाठी शुल्क नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीचा आयरिश संसार समजून घ्यायचा असेल, तर एखादा जाडजूड इतिहासग्रंथ हाती घेण्याआधी या सेवेत काही संध्याकाळी घालवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

या दोन जनगणनांना इतके मोल का, हे त्यांच्या आधीच्या दफ्तराचे काय झाले ते पाहिल्यावर कळते. १८६१ आणि १८७१चे तक्ते आकडेवारी काढून झाल्यावर सरकारनेच नष्ट केले आणि १८८१ व १८९१चे पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत गेले. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे बहुतेक कागद जून १९२२ मध्ये, यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच, डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स या न्यायालय-संकुलातील अभिलेख कार्यालयाला लागलेल्या आगीत जळाले. पुढे १९२१ साली स्वातंत्र्ययुद्ध चालू असल्यामुळे जनगणना झालीच नाही. त्यामुळे ब्रिटिश अमलाखालच्या आयर्लंडचे घरवार चित्र पूर्णपणे हाती लागते ते फक्त १९०१ आणि १९११ या दोन वर्षांचे.

सेवेचा गाभा म्हणजे ‘फॉर्म ए’, अर्थात कुटुंबाचा तक्ता. नाव, कुटुंबप्रमुखाशी नाते, धर्मपंथ, लिहिता-वाचता येते का, वय, व्यवसाय, वैवाहिक स्थिती, जन्मस्थान, आयरिश भाषा आणि शेवटी अंधत्व, मूकबधिरत्व किंवा मानसिक आजार, असे रकाने त्यात आहेत. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी झालेल्या जनगणनेत नसलेला धर्माचा रकाना इथे आहे, आणि आयर्लंडचा पुढचा इतिहास पाहता तो किती मोलाचा आहे हे वेगळे सांगायला नको. तक्ता बहुधा कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला असतो. कुठे वळणदार अक्षर असते, कुठे शाई सांडलेली असते. जिथे प्रमुखाला लिहिता येत नाही, तिथे प्रगणकाने मजकूर भरून खाली नुसती फुली घेतलेली असते. हे प्रगणक म्हणजे रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी या ब्रिटिश सरकारच्या पोलीस दलाचे शिपाई, आणि राजधानीत डब्लिन महानगर पोलीस. पोलिसाने दारात येऊन घराची माहिती मागावी, ही गोष्ट त्या काळच्या आयर्लंडमध्ये साधी नव्हती, हे तक्ते वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

१९११च्या तक्त्यात एक भर पडली होती. विवाहित स्त्रीने लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली आणि त्यांपैकी किती हयात आहेत, हे लिहायचे होते. विधवांकडून ही माहिती मागितलेली नव्हती, तरी अनेकींच्या तक्त्यांत ती भरलेली आढळते. प्रगणकाने नियमाप्रमाणे त्यावर रेघ मारलेली असते, पण रेघेखालचे आकडे सहज वाचता येतात. जन्मलेली नऊ आणि हयात पाच, अशा तऱ्हेची नोंद रेघेआडून वाचताना बालमृत्यूविषयीचे कोणतेही प्रकरण देऊ शकणार नाही अशी समज येते. केवळ टंकलिखित यादी देणाऱ्या सेवेत हे दिसले नसते. मूळ पानाची प्रतिमा देण्याचा निर्णय किती योग्य होता, याचा याहून चांगला दाखला मला सांगता येणार नाही.

दोन्ही जनगणना शेजारी ठेवून पाहण्याची सोय हाही मोठा लाभ आहे. तसे पाहिले की एक गोष्ट वारंवार समोर येते : १९०१ मध्ये छपन्न वर्षांची असलेली व्यक्ती दहा वर्षांनी सत्तरी ओलांडून गेलेली असते. मधल्या काळात, १ जानेवारी १९०९ पासून, सत्तर वर्षांवरील गरजू वृद्धांना आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत निवृत्तिवेतन मिळू लागले होते. आयर्लंडमध्ये जन्माची सक्तीची नोंद १८६४ पासून सुरू झाली असल्यामुळे त्या पिढीकडे जन्मदाखलेच नव्हते, आणि अनेकांना आपले वय खरोखरच नेमके ठाऊक नव्हते. म्हणून ही सगळी लबाडी समजू नये. वयाचा पुरावा म्हणून तेव्हा शाबूत असलेल्या १८४१ आणि १८५१च्या जनगणनांत शोध घेतला जाई. त्या शोधाचे अर्जही अभिलेखागाराने उपलब्ध केले आहेत, आणि जळून गेलेल्या दफ्तराचे काही कण त्यांतून वाचले आहेत.

‘फॉर्म ए’ पाहून थांबणाऱ्यांचे मात्र नुकसान होते. त्याच्या सोबतचा ‘फॉर्म बी १’ घराविषयी आहे, आणि मला तो तितकाच बोलका वाटतो. भिंत दगडाची, विटांची किंवा काँक्रीटची असेल तर एक गुण, मातीची किंवा लाकडाची असेल तर शून्य. छपराला स्लेट, लोखंड किंवा कौले असतील तर एक, गवताचे असेल तर शून्य. मग खोल्यांचे गुण आणि दर्शनी खिडक्यांची संख्या. या बेरजेवरून घराची पहिली ते चौथी अशी प्रत ठरे. ग्रामीण पश्चिमेत ही पद्धत बऱ्यापैकी खरे बोलते. डब्लिनमध्ये ती पार फसवी ठरते. उत्तर डब्लिनची हेन्रिएटा स्ट्रीट ही अठराव्या शतकातील उमरावांच्या भव्य घरांची गल्ली. १९११ मध्ये तिथल्या पंधरा घरांत ८३५ माणसे राहत होती, आणि एकट्या सात क्रमांकाच्या घरात एकोणीस कुटुंबांची १०४ माणसे होती. खोल्या आणि खिडक्या भरपूर, म्हणून अशा घरांना गुण चढे पडतात. पण प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला किती खोल्या हा रकाना वाचला, की एकच्या आकड्यांची रांग खाली उतरत जाते. त्या वर्षी शहराच्या मध्यभागातील टेनेमेंटांत, म्हणजे खोल्या-खोल्यांनी भाड्याने दिलेल्या अशा दाटीच्या घरांत, राहणाऱ्या सुमारे २६,००० कुटुंबांपैकी २०,००० कुटुंबे एकेका खोलीत संसार करत होती. सप्टेंबर १९१३ मध्ये चर्च स्ट्रीटवरची अशी घरे कोसळून सात माणसे गेली, तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली. त्या वस्तीची अवस्था दोन वर्षे आधीच कागदावर लिहिलेली होती.

तक्त्यांच्या जोडीला त्या काळातील छायाचित्रे आणि निरनिराळ्या भागांवरचे निबंध दिले आहेत. ते सुबोध आहेत आणि वर्षाचे भान देतात. बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत टायटॅनिकचा सांगाडा ३१ मे १९११ रोजी पाण्यात उतरला, जुलैत राजा पाचवा जॉर्ज डब्लिनला आला, सप्टेंबरमध्ये डेलिया लार्किन यांच्या पुढाकाराने स्त्री कामगारांची संघटना उभी राहिली. मतदानाचा हक्क नसलेल्या काही स्त्रियांनी ‘आम्हाला मोजूही नका’ या भूमिकेतून जनगणनेवर बहिष्कार घातला. हॅना शीही-स्केफिंग्टन यांच्यासारख्या कार्यकर्त्या त्यांत अग्रभागी होत्या. एखाद्या घरातील स्त्री तक्त्यात सापडली नाही, तर हे कारणही असू शकते.

आता शोधयंत्रणेविषयी. काउंटी, गाव किंवा रस्ता, वय, धर्म, व्यवसाय, भाषा अशा अनेक अंगांनी शोध घेता येतो, आणि तो वेगवान आहे. मर्यादा आहेत त्या नोंदींच्या स्वरूपातूनच आलेल्या. लाखो हस्तलिखित पानांचे लिप्यंतर करताना नावे बदलतात; आडनावाआधीचे ‘ओ’ किंवा ‘मॅक’ कधी असते, कधी गळते. आयरिश भाषेच्या चळवळीने भारलेल्या अनेकांनी तक्ता आयरिशमध्ये भरला, त्यामुळे इंग्रजी नावाने शोधणाऱ्याला ते घर सापडतच नाही. बराकींतील पोलीस आणि मनोरुग्णालयांतील रुग्ण केवळ आद्याक्षरांनी नोंदले आहेत. शिवाय घराचा क्रमांक हा अनेक ठिकाणी प्रगणकाने आपल्या फेरीत दिलेला असतो, तो दारावरचा समजू नये. नवख्या वाचकाला या गोष्टी ठळकपणे आधीच सांगितल्या असत्या तर बरे झाले असते.

म्हणून माझी शिफारस अशी की नावाने शोधण्याऐवजी जागेने शोधावे. एखादी काउंटी, तिच्यातील विभाग, त्यातील एखादा रस्ता निवडून घरामागून घर उघडत जावे. शेजारी कोण राहत होते, कोणाकडे मोलकरीण होती, कोणाकडे भाडोत्री होते, आजी आयरिश आणि इंग्रजी दोन्ही बोलत असताना नातवंडांचा आयरिश भाषेचा रकाना कोरा का आहे, हे त्याच क्रमाने उलगडते. तेव्हा बेटावर आयरिश बोलणारे सुमारे ५ लाख ८२ हजार उरले होते, आणि ती घट एकेका तक्त्यात पिढ्यांच्या क्रमाने पाहता येते. लिप्यंतरात चूक आढळली तर दुरुस्ती सुचवण्याची सोय आहे. ज्यांना जुने अक्षर वाचता येते त्यांनी तिचा अवश्य उपयोग करावा.