अ‍ॅरानेट 4: सहलीला कार्बन डायऑक्साइड मीटर सोबत घ्यावा का?

महामारीत मुलाबाळांना घेऊन टेकडीवर, बागेत किंवा नदीकाठी जायचं असेल तर हा मीटर घरीच ठेवा. मोकळ्या हवेत तो दशलक्ष भागांत 415 ते 450 भाग कार्बन डायऑक्साइड असा आकडा दाखवत राहील आणि त्यातून नवीन काहीच कळणार नाही. याचा उपयोग आहे तो संग्रहालय, मत्स्यालय, बोटीची खालची केबिन, भाड्याची गाडी, पाऊस आला म्हणून शिरलेला आडोसा अशा ठिकाणी.

यंत्र लॅटव्हियातल्या कंपनीचं आहे. 7 बाय 7 सेंटिमीटरचं, बॅटरीसह शंभर ग्रॅमच्या आसपास वजन, आत दोन एए सेल. पडदा ई-इंकचा, म्हणजे कागदावरच्या छपाईसारखा दिसणारा आहे, त्यामुळे भर उन्हात आकडे स्वच्छ दिसतात. मात्र पडद्याला मागून उजेड नाही. अंधाऱ्या सभागृहात ब्लूटूथने जोडलेल्या फोनवरच आकडा पाहावा लागतो.

विषाणू मोजणारं हे यंत्र नव्हे. माणसाच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड साधारण 4 टक्के, म्हणजे दशलक्ष भागांत 40,000 भाग असतो, तर बाहेरच्या हवेत 420 च्या आसपास. त्यामुळे खोलीतला आकडा जितका चढा, तितकी इतरांची उष्टी हवा आपल्या वाट्याला जास्त. 800 ला दर शंभर श्वासांतला एक श्वास दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला असतो, 2000 ला दर पंचवीसातला एक. नाकाला हे कळत नाही. एसीच्या गार खोलीत प्रसन्न वाटतं, पण साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत असतो आणि आकडा चढतच जातो.

आत एनडीआयआर सेन्सर आहे. तो अवरक्त किरण किती शोषले गेले यावरून वायू मोजतो. पैसे मोजायचे ते यासाठीच. तसेच दिसणारे बरेच स्वस्त मीटर प्रत्यक्षात इतर बाष्पं मोजतात आणि कार्बन डायऑक्साइडचा आकडा अंदाजाने छापतात. ओळखायची युक्ती सोपी आहे: हाताला सॅनिटायझर चोळून हात मीटरजवळ न्या. आकडा एकदम उसळला तर वस्तू परत करा. महामारीत, जिथे दाराशीच सॅनिटायझरची बाटली असते तिथे, असला मीटर नुसता गोंधळ घालतो.

आता खटकणाऱ्या गोष्टी. पहिली म्हणजे मूळ सेटिंगमध्ये मोजणी दर 5 मिनिटांनी होते. घरात ते ठीक, पण सहलीत तेवढ्यात तुम्ही दोन दालनं ओलांडलेली असता. निघण्यापूर्वी अ‍ॅपमध्ये ते 1 मिनिटावर आणा. सेल लवकर संपतील, संपू द्या. दुसरी गोष्ट जास्त गंभीर: हिरवा रंग 1000 पर्यंत आणि लाल 1400 नंतर. कार्यालयातल्या पेंगुळलेपणासाठी हे ठीक असेल, संसर्गासाठी ही सूट फार झाली. रंग विसरा, आकडा वाचा. 700 च्या खाली निवांत फिरा. 800 च्या पुढे मास्क काढायचा नाही, म्हणजे खाणंपिणंही नाही. 1000 दिसला की बाहेर. हा नियम घरून निघतानाच ठरवावा. तिकिटं काढून झाल्यावर सगळेच उदार होतात. आकडा वाचायचं काम मुलांकडे द्या, ती सवलत देत नाहीत.

वापरताना सर्वांत जास्त चुकतं ते मीटर ठेवण्यात. गळ्यात अडकवला तर तो तुमचाच श्वास मोजतो, बंद पिशवीत ठेवला तर पिशवीतली हवा. पिशवीच्या बाहेरच्या जाळीदार कप्प्यात, तोंडापासून निदान हातभर लांब ठेवा. नव्या जागी शिरल्यावर पहिल्या आकड्यावर जाऊ नका, दोन-तीन मोजण्या होऊ द्या. खेळ सुरू होण्यापूर्वी सभागृह 550 दाखवेल, कारण लोक आत्ताच येऊन बसलेत. अर्ध्या तासाने काय होतं ते महत्त्वाचं. मुलांच्या बंदिस्त खेळघरात तर आकडा फारच वेगाने वाढतो, कारण उड्या मारणारं मूल बसलेल्या मुलापेक्षा कितीतरी जास्त हवा आत-बाहेर करतं. असलं ठिकाण सरळ यादीतून काढा. तीन बाजूंनी प्लास्टिक सोडलेला मंडपही नावालाच ‘बाहेर’ असतो. तिथे बसण्यापूर्वी एकदा मोजाच.

गाडीत काचा बंद आणि हवा आतल्या आत फिरवायचं बटण चालू असेल तर चार माणसांत आकडा दहा-पंधरा मिनिटांत 2000 ओलांडतो. गाडीत फक्त घरचीच माणसं असतील तर संसर्गाच्या हिशेबाने घाबरू नका, ती एरवीही एकत्रच राहतात. पण चालकाला पेंग येऊ नये म्हणून बाहेरची हवा आत घ्या. चालक परका असेल तर मागची एक काच आणि तिच्या कर्णरेषेतली पुढची काच चार बोटं उघडा. आकडा उतरताना दिसतो.

मीटर फसतो अशाही जागा आहेत. हेपा गाळणी (हवेतले बारीक कण अडवणारी) लावलेल्या खोलीत विषाणूचे कण कमी होतात, पण कार्बन डायऑक्साइड तेवढाच राहतो, म्हणून आकडा उगाच घाबरवतो. उघड्या ज्योतीची शेगडी किंवा मेणबत्त्या असल्या तरी तसंच. उलट प्रकार जास्त धोक्याचा: तिकिटाच्या उघड्यावरच्या रांगेत आकडा 450 असतो आणि मागचा माणूस मानेवर खोकत असतो. त्याच्यासाठी अंतर आणि मास्क, मीटर नाही. मोठ्या रिकाम्या दालनात एकच आजारी माणूस असेल तरीही आकडा कमीच दिसेल.

कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरचा आकडा बाहेरच्या हवेशी जुळवून घेणं, टाळू नका. स्वयंचलित पद्धत गेल्या काही दिवसांतली सर्वांत कमी नोंद म्हणजे बाहेरची हवा असं गृहीत धरते. घर सतत बंद असेल तर हे गृहीतच चुकतं आणि मीटर सगळीकडे कमी आकडा दाखवू लागतो, म्हणजे नेमकी नको ती चूक. सहलीच्या आदल्या दिवशी तो सावलीत, रस्त्यापासून आणि माणसांपासून दूर अर्धा तास ठेवा. 400 ते 450 दिसलं तर ठीक. 350 किंवा 520 दिसलं तर तिथेच हाताने कॅलिब्रेट करा, आणि ते संपेपर्यंत त्याच्यावर वाकून पाहू नका.

महिन्यातून एखादीच बंदिस्त जागा पाहणाऱ्या कुटुंबाने एकट्याने हा घेण्यात अर्थ नाही. तीन-चार घरांनी मिळून एक घ्या आणि ज्याची सहल असेल त्याने न्यावा. ज्यांच्या घरी वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस आहे, त्यांनी मात्र स्वतःचा ठेवावा. दवाखान्याच्या प्रतीक्षाखोलीत तो सहलीपेक्षा जास्त कामाला येतो.