पावतीवर नुसतं 'अशोक' लिहिलं होतं

1,32,300 रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत मी तो घरात कुणाला सांगितला नव्हता. मुलाला 40 हजार म्हणाले होते. भावोजींना तर रोपं अनुदानातून मिळाली असंच सांगितलं. लिहितानाही हात जड होतोय, पण औषधी अशोक म्हणून मला भलतीच रोपं विकून गेलेला माणूस आता दुसऱ्या तालुक्यात फिरतोय असं कानावर आलंय, म्हणून लिहिते.

मी अडाणी नाही. 31 वर्षं शाळेत शिकवलं. 2019 साली कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण पेपरात आलं, तेव्हा स्टाफरूममध्ये ते मीच मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि 'लोक फसतात तरी कसे' असंही म्हणाले होते. आधी पैसे भरा, माल आम्ही देऊ, उत्पन्न आम्हीच विकत घेऊ, ही साखळी आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तरीही फसले.

सोलापूरजवळ मंद्रूपच्या पुढे आमचं दोन एकर दहा गुंठे रान आहे. डाळिंब होतं, तेल्या रोगानं गेलं. माझे मिस्टर गेल्यापासून रान पडीकच होतं. हा माणूस एका ओळखीच्या बाईंकडून आला. पहिल्या दिवसापासून मला 'अक्का' म्हणायचा, चहाला थांबायचा, ह्यांच्या फोटोला हात जोडायचा. सीता अशोकाची लागवड करा म्हणाला. सातव्या वर्षापासून साल कंपनी नेणार, किलोला 350 रुपये, लेखी करार.

अशोकाचं नाव निघालं तिथंच मी निम्मी फसले होते. माझ्या आईला अंगावरून फार जायचं. वैद्यांनी दिलेली अशोकारिष्टाची बाटली आमच्या देवळीत कायम असायची, तिचा तो आंबूस-तुरट वास अजून आठवतो. त्या झाडाची लागवड आपल्या रानात होणार, बायकांच्या औषधाला लागणार, असं मला मनापासून वाटलं. शिवाय तो सांगत होता त्यातलं बरंचसं खरं होतं. सालीसाठी जंगलातली झाडं सोलून सोलून हे झाड दुर्मीळ झालंय, हे खरं. 1998 पासून ते धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत आहे, हेही खरं. केंद्राचं औषधी वनस्पती मंडळ आहे आणि त्याच्या प्राधान्याच्या यादीत अशोक आहे, तेही खरंच. मी एकेक गोष्ट मोबाइलवर पडताळून पाहिली. माणूस पडताळायचा मात्र राहिला.

हिशेब असा. एका एकरात दहा बाय दहावर 400 रोपं, 180 रुपयांनी 72,000. करार नोंदणी 11,000. खत आणि औषधांचा 'किट' 18,500. डिसेंबरात 'लॅब तपासणी' म्हणून आणखी 6,400 घेतले. खड्डे मी काढून घेतले, 37 रुपयांनी 14,800. ऑगस्टमध्ये पाऊस ओढला तेव्हा आठ टँकर, 9,600.

आता तो दिवस. त्याच्या गाळ्यात कुंडीत एक रोप होतं. पानं जोडीजोडीची, एका देठावर चार-पाच जोड्या, आणि शेंड्याची कोवळी पानं तांबूस, ओल्या फडक्यासारखी खाली लोंबणारी. मी बोटांत धरून पाहिली होती, इतकी मऊ. जुलैत टेम्पो आला, रोपं बांधावर उतरायला लागली. मी एक पिशवी उचलली. पान एकेकटं, लांबट, चकचकीत, कडेनं लाटेसारखं वळलेलं. बोटाला कडक लागलं. मला दिसलं होतं. मी विचारलंसुद्धा, "हे पान वेगळं कसं?" तो म्हणाला, "अक्का, रोप लहान आहे, दोन वर्षांनी जोडपान येतं."

तेवढ्यात उतरवणारा हमाल म्हणाला, "बाई, ही आमच्या कॉलनीच्या कंपाउंडला आहेत तीच की ओ."

मी त्याला म्हणाले, "तुला काय कळतंय, गप उतरव."

सात महिने ते वाक्य माझ्या डोक्यात का आलं नाही आणि आता का जात नाही, मला कळत नाही. तो हमाल बरोबर होता. सोलापुरात सोसायटी, दवाखाना, शाळा, कुठंही जा, फाटकापाशी ती उंच हिरवी झाडं उभीच असतात, आणि आपण सगळे त्यांना अशोकच म्हणतो. मीही चौथीच्या मुलांना तेच दाखवून 'हा अशोक' शिकवलंय. मग माझ्या हातात ते पान आल्यावर मी त्याला नाही कसं म्हणणार होते?

फेब्रुवारीत पुण्याला मुलाकडे गेले. जवळच्या बागेत एका झाडावर पाटी होती, सीता अशोक. बुटकं, पसरलेलं झाड. फांद्यांवरच नाही, जुन्या खोडावरही नारिंगी-लाल फुलांचे गुच्छ. शेंड्याला तीच लोंबती तांबूस पानं. मी तिथंच बाकावर बसले. रात्री मुलाला खरा आकडा सांगितला.

सोलापुरात परत येऊन एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे डहाळी नेली. त्यांनी क्षणात सांगितलं. माझ्या रानातला तो खोटा अशोक, आसुपालव. सीताफळाच्या कुळातला. फुलं हिरवट, चांदणीसारखी, फळं काळपट जांभळी, घोसानं येणारी. खरा अशोक शेंगावर्गातला, त्याला चपट्या शेंगा येतात. या खोट्याची साल खऱ्यात मिसळून विकतात, ही भेसळ जुनीच आहे. आणि खरा अशोक सह्याद्रीच्या ओलाव्यातला, सावलीतला. आपल्या पाच-साडेपाचशे मिलिमीटर पावसात, मे महिन्याच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत उघड्या रानात एकरभर लावायचं हे झाडच नाही. मला विकलेलं रोप एका रोपवाटिकेत 20 रुपयांना मिळतं. मी 180 दिले.

गाळ्याला कुलूप. फोन बंद.

मग पायपीट. पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं. साहेबांनी पावती पाहिली, म्हणाले, "यात अशोक लिहिलंय, तुम्हाला अशोकच मिळालाय की." मी पानं दाखवली, फोटो दाखवले, सरांचं पत्र दाखवलं. "करार आहे ना, मग हे दिवाणी आहे, कोर्टात जा." अर्ज घेतला, पोच दिली नाही. तिसऱ्या खेपेला पोच मिळाली. कृषी खात्याच्या कार्यालयात सांगितलं, रोपवाटिकांचा कायदा 1969 चा, तो फळझाडांचा, तुमचं फळझाड नाही. वनखात्यात म्हणाले, झाड तोडलं असतं तर आमच्याकडे आलं असतं. मग खोटं रोप विकणं हा गुन्हा कुणाच्या टेबलावरचा आहे? एका टेबलावर तर मला विचारलं, "बाई, या वयात हे कशाला करायला गेलात?" माझ्या जमिनीत, माझ्या पेन्शनच्या पैशानं मी काय लावावं हे तो विचारणार? त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही.

ज्यांना कुणी अशोक विकायला येईल त्यांनी पावतीवर 'सराका असोका' हे शास्त्रीय नाव लिहून घ्या. लिहायला कां-कूं केली तर पैसे देऊ नका. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. एकेकटं लाटदार पान दिसलं तर टेम्पो तसाच परत पाठवा. नमुन्याच्या रोपाचा आणि आलेल्या रोपांचा फोटो त्याच दिवशी काढा, मी काढला नाही. मंडळाच्या यादीत झाड आहे म्हणजे तो माणूस मंडळाचा आहे असं होत नाही.

आणि कुणी 'हा धंद्याचा व्यवहार, तुम्ही ग्राहक नाही' म्हणून परत पाठवलं तर परत फिरू नका. सफेद मुसळीच्या अशाच परतखरेदीच्या करारात मार्च 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं एका शेतकरी बाईला ग्राहक मानलंय. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. मी केली आहे.

वकिलांनी त्या हमालाचं प्रतिज्ञापत्र जोडायला सांगितलं. त्याला शोधायला चार दिवस लागले. मी आधी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या की ओ बाई, येतो." सही करायला आला, तर खिशातून त्याच्या कॉलनीतल्या कंपाउंडचं पान काढलं आणि कागदाशेजारी ठेवलं.