व्हाइट रिम रस्त्यावरचे मुक्काम: कोणता तळ घ्यावा, कोणता सोडावा

युटा राज्यातल्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातला व्हाइट रिम म्हणजे सुमारे १०० मैलांचा कच्चा फेरा. 'आयलंड इन द स्काय' या पठाराच्या कड्याखाली, हजारभर फुटांवर, पांढऱ्या वालुकाश्माची एक पायरी आहे. रस्ता तिच्यावरून पठाराला वळसा घालतो. १९५०च्या दशकात युरेनियमच्या शोधासाठी तो काढला गेला. त्याची ख्याती वळणांची आणि दरीची असली, तरी इथली सहल बहुतेक वेळा बिघडते ती चुकीचा तळ आणि कमी पाणी यांमुळे. म्हणून हे परीक्षण रस्त्यापेक्षा मुक्कामांचं जास्त आहे.

आधी पैशांचं. रात्रीच्या परवान्याला ३६ डॉलर आरक्षण शुल्क (ते परत मिळत नाही), वर माणशी दर रात्री ५ डॉलर. चौघांच्या दोन रात्रींचे ७६ डॉलर होतात. उद्यानाचा गाडीमागे प्रवेश वेगळा. एका जागेवर १५ माणसं आणि तीन गाड्या चालतात, त्यामुळे तीन कुटुंबांनी मिळून गेलं तर हा सौदा स्वस्त आहे. अडचण मिळण्याची आहे. अख्ख्या रस्त्यावर मुक्कामाच्या जागा फक्त २०. वसंताच्या हंगामाचं आरक्षण आदल्या १० नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता (डेन्व्हरच्या वेळेनुसार) उघडतं आणि एप्रिलचे शनिवार-रविवार बघता बघता संपतात. तत्काळ तिकिटाची सवय असलेल्यांना वेगळं सांगायला नको. मधल्या वारांचे दोन-तीन पर्याय कागदावर लिहूनच बसावं.

आता तळ. फेऱ्याच्या सुरुवातीचा शेफर घाट उतरल्यावर लगेचचा शेफर तळ सोडा. दिवसभर वरून येणाऱ्या गाड्यांची वर्दळ जवळून जाते, आणि इथे थांबलात तर पुढच्या दिवसाचं अंतर अंगावर येतं. 'एअरपोर्ट' नावाच्या तळाला चार जागा आहेत, म्हणून तो सहज मिळतो, पण सपाट आणि उघडा. वारा सुटला की स्वयंपाकात रेती. त्यापेक्षा गूझबेरी तळ बरा.

पसंतीत सगळ्यांत वर व्हाइट क्रॅक. मुख्य रस्त्यापासून आत, टोकाला, एकच जागा. तिन्ही बाजूंना दऱ्या आणि शेजारी कोणी नाही. मिळाला तर बाकी वेळापत्रक त्याच्याभोवती बसवा. तो नसेल तर मर्फी हॉगबॅक, सुरुवातीपासून साधारण ४५ मैलांवर. तिथे तीन जागा असल्या तरी उंच कण्यावर असल्यानं दोन्हीकडचं दिसतं. चढ मात्र दोन्ही बाजूंनी छातीवर येणारा. दुसरी रात्र पोटॅटो बॉटमला, सुमारे ६६ मैलांवर, ग्रीन नदीच्या काठी. कॉटनवुडची सावली मिळते, हे वाळवंटात मोठं सुख. पण नदी फुगून ओसरल्यावर, वसंत संपता संपता, डासांनी जीव नकोसा होतो. त्या दिवसांत टेलर कॅन्यनचा तळ बघा.

प्रत्येक तळावर शौचालय आहे, नेहमीच्या मानानं स्वच्छ. पाणी कुठेच नाही. चौघं, तीन दिवस, माणशी रोज चार लिटर, म्हणजे प्यायलाच ४८ लिटर. स्वयंपाक-भांड्यांना १२ आणि अडकलात तर एका जादा दिवसाचे १६ धरा. २० लिटरचे चार कॅन न्यावेत, एक मोठी टाकी नको, कारण एक कॅन गळला तरी बाकीचे उरतात. खडखडाटात कॅन एकमेकांवर घासून झिजतात आणि गळतात. म्हणून मध्ये जुनी चादर कोंबा, पट्ट्यानं आवळा. ८० किलो वजन आहे, छतावर चढवू नका. नदीचं पाणी गाळानं इतकं गढूळ असतं की आधी निवळवल्याशिवाय फिल्टर चोंदतो. त्याच्यावर विसंबू नये.

बहुतेक तळ महाबळेश्वराच्या उंचीच्या आसपास आहेत. उघड्या पातेल्यात डाळ शिजायला गॅस आणि पाणी दोन्ही जास्त लागतं. लहान कुकर नेलेला परवडतो. त्याहून सोपं म्हणजे पिठलं, भाजणीचं थालीपीठ, दही मिळालं तर पहिल्या रात्री दहीभात. लाकडाची शेकोटी चालत नाही, गॅसची शेगडीच न्या. कुत्रा गाडीतसुद्धा चालत नाही. तंबू स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा हवा. खडकाळ जमिनीत खुंट्या शिरत नाहीत, मग दोऱ्या पाण्याच्या कॅनना बांधाव्या लागतात. तळाबाहेरच्या मातीवरचा काळसर, खरबरीत थर म्हणजे जिवंत जंतू-शेवाळाची साय. त्यावर पाऊल टाकलं तर भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

गाडीबद्दल उद्यानाची अट स्पष्ट आहे: लो रेंज (कमी वेग, जास्त ताकदीचे गिअर) असलेली फोर-व्हील-ड्राइव्ह, जमिनीपासून किमान ८ इंच क्लिअरन्स, चाकाची रिम किमान १५ इंचांची. नुसती ऑल-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही नको. विमानतळावरच्या भाड्याच्या गाड्यांच्या करारात कच्चा रस्ता सहसा वर्ज्य असतो. जीप मोआब या जवळच्या गावात भाड्यानं घ्या आणि व्हाइट रिमवर रात्रीसह नेता येते का, हे लेखी विचारा. टायरची हवा २० पीएसआयच्या आसपास आणली की खडखड निम्मी होते, नदीकाठच्या भुसभुशीत रेतीतही गाडी तरंगते. वर चढल्यावर पुन्हा भरायला छोटा कॉम्प्रेसर लागतोच. स्टेपनी पूर्ण मापाची आहे ना, जॅक हलतो ना, आणि त्याच्याखाली घालायला फळी आहे ना, हे मोआब सोडण्याआधी बघा. जॅक रेतीत रुततो. उद्यानात इंधन नाही. मोआबपासून मोआबपर्यंत दीडशे मैलांच्या घरात जातात आणि लो रेंजमध्ये गाडी जास्त पिते. टाकी काठोकाठ भरा.

घाट उतरताना लो रेंज, पहिला गिअर, इंजिनानंच गाडी धरायची. सतत ब्रेक दाबला तर तापून हात टेकतो. पोटॅटो बॉटमच्या पुढच्या हार्डस्क्रॅबल चढावर कडेवरची वळणं अरुंद आहेत. समोरून गाडी चढत असेल तर उतरणाऱ्यानं थांबायचं. पाऊस पडला की शेफर आणि मिनरल बॉटम (फेऱ्याच्या शेवटी वर चढणारा घाट) इथली माती साबणासारखी होते. अशा वेळी निघू नका, जादा दिवसाचं पाणी त्यासाठीच. मिनरल बॉटमचा घाट २०१० साली पावसानं वाहून गेला होता, यावरून काय ते समजा. ग्रीन नदीला पूर असला तर पोटॅटो बॉटमजवळचा भाग बंद होतो आणि तुम्हाला ६० मैल मागे फिरावं लागतं. निघण्यादिवशी सकाळी कार्यालयात विचारून घ्या. मोबाईल चालत नाही. बंद पडलेली गाडी ओढून काढण्याचा खर्च हजार डॉलरच्या वर जातो.

दोन रात्री, घड्याळाच्या दिशेनं, ऑक्टोबरात किंवा एप्रिलात: पाचपैकी साडेचार. अर्धा आरक्षणाच्या पद्धतीसाठी कापला. जुलै-ऑगस्टमध्ये सावली नसलेल्या खडकावर तंबू टाकायचा विचार असेल, तर दोन.