चीनमध्ये शिकवायला जाताय: शांघायची शाळा की शीआनचं विद्यापीठ?

समजा हातात दोन ऑफर आहेत. एक शांघायमधल्या खासगी द्विभाषिक शाळेची: पगार भरघोस, घरभाड्याचा वेगळा भत्ता, काम सकाळी आठ ते साडेचार. दुसरी वायव्य चीनमधल्या शीआन शहरातल्या सरकारी विद्यापीठाची: पगार त्याच्या निम्म्याहूनही कमी, पण कॅम्पसमध्ये फुकट फ्लॅट आणि आठवड्याला जेमतेम चौदा-सोळा तासिका. कागदावर शांघाय सरळ जिंकतं. तरी पहिल्यांदाच चीनला निघालेल्या एकट्या माणसाला मी शीआन सुचवेन आणि मुलाबाळांसह जाणाऱ्याला शांघाय. याचं कारण पगाराच्या आकड्यात सापडत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तुमची कामं कोण करून देतं, त्यात सापडतं.

आधी पासपोर्टचा विषय संपवू, कारण तिथेच अनेकांचा बेत फसतो. चीनचा नियम असा की परदेशी भाषाशिक्षकाने तत्त्वतः आपल्या देशाची मातृभाषाच शिकवावी. त्याला पदवी हवी आणि भाषा शिकवण्याचा दोन वर्षांचा अनुभव हवा. शिक्षणशास्त्राची किंवा भाषेची पदवी असेल तर अनुभवाची अट सुटते. म्हणून ब्रिटिश, अमेरिकी किंवा ऑस्ट्रेलियन पासपोर्ट असलेल्या मराठी माणसाला इंग्रजी शिकवण्याचा परवाना सहज मिळतो, भारतीय पासपोर्टवर तो अवघड. भारतीय पासपोर्ट असेल तर गणित, भौतिकशास्त्र, संगणक असा विषय घेऊन इंटरनॅशनल किंवा द्विभाषिक शाळेत जाणं हा खरा रस्ता, नाहीतर विद्यापीठात आपल्या विषयाच्या विभागात. शीआनच्या परदेशी भाषा विद्यापीठात हिंदीही शिकवली जाते, हे फार लोकांना माहीत नसतं.

एजंट म्हणाला, ‘आधी बिझनेस व्हिसावर या, मग बदलून घेऊ’, तर फोन ठेवून द्या. कामासाठी झेड व्हिसाच लागतो, आणि त्यावर उतरल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. शिकवणी वर्गांचा तिसरा पर्याय मी या तुलनेत धरलेला नाही. जुलै २०२१ मध्ये सरकारने नफ्यासाठी चालणाऱ्या शालेय विषयांच्या शिकवण्यांवर बंदी आणली आणि त्या धंद्याचा कणाच मोडला. उरलेत त्यांच्या भरवशावर देश बदलू नये.

घर आणि ‘वायबान’

चीनमध्ये परदेशी माणसाने हॉटेलाबाहेर मुक्काम केला की २४ तासांच्या आत पोलीस ठाण्यात नोंद करायची असते. विद्यापीठात हे काम ‘वायबान’ करतं, म्हणजे परदेशी लोकांची कामं पाहणारं कार्यालय. वैद्यकीय तपासणीला नेणं, कामाचा परवाना, बँकेत खातं, सिमकार्ड या सगळ्याला तिथला एखादा तरुण कर्मचारी सोबत येतो. फ्लॅट तयार असतो. पलंग, वॉशिंग मशीन, गरम पाण्याची टाकी, बऱ्याचदा आधीच्या शिक्षकाने मागे ठेवलेली भांडीसुद्धा. बदल्यात थोडं स्वातंत्र्य जातं. रात्री पाहुणा राहणार असेल तर सांगावं लागतं, आणि तुम्ही किती वाजता परतलात हे दारावरच्या काकांना ठाऊक असतं.

शांघायमध्ये शाळेचं एचआर कागद करून देतं, पण घर बहुधा तुम्हीच शोधायचं. तिथला भाड्याचा रिवाज ‘या यी फू सान’: एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. भाडं ७,००० युआन धरलं तर पहिल्याच दिवशी २८,००० युआन मोजायचे, म्हणजे साधारण साडेतीन लाख रुपये. शिवाय दलालाची फी, आणि हे सगळं पहिला पगार हातात पडण्याआधी. भाडेभत्ता महिन्याच्या महिन्याला येतो. आगाऊ रक्कम शाळा देते का, हे करार करण्यापूर्वी विचारायला हवं. पोलीस नोंदणीसाठी घरमालकाचे कागद लागतात, आणि ‘परदेशी माणूस नको, कटकट असते’ म्हणणारे घरमालकही भेटतात.

शीआनबद्दल एक सावधगिरी. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांचे नवे कॅम्पस शहराच्या दक्षिणेला, छांगआन भागात आहेत. जुना कॅम्पस मध्यवर्ती शहराच्या जुन्या तटबंदीजवळ असू शकतो, नवा मेट्रोने तासाभरावर. विद्यापीठाचं नाव तेच, दिवस मात्र वेगळे. फ्लॅट कुठल्या कॅम्पसवर आणि तासिका कुठल्या, हे लेखी घ्या.

हिवाळा

नकाशा पाहिला तर थंड शहर शीआन. जानेवारीत तापमान शून्याच्या आसपास, शांघायमध्ये चार-पाच अंश. घरात शिरल्यावर हिशेब उलटतो. छिनलिंग पर्वत आणि हुआय नदीच्या उत्तरेला सरकारी मध्यवर्ती हीटिंग असतं, दक्षिणेला नसतं. १९५० च्या दशकात आखलेली ही रेषा आजही लोकांचा हिवाळा ठरवते. शीआन रेषेच्या उत्तरेला. १५ नोव्हेंबर ते १५ मार्च रेडिएटर गरम असतात आणि घरात निदान १८ अंश तापमान राखायचा नियम आहे. माणसं घरात टी-शर्टवर बसतात. शांघाय रेषेच्या दक्षिणेला. तिथे एसीची गरम हवा हाच आधार, आणि ओल हाडात शिरते. जून-जुलैच्या मेइयू पावसात कपाटातल्या चामडी चपलांवर बुरशी धरते ती वेगळी.

हवेच्या बाबतीत मात्र शांघायला गुण. शीआन डोंगरांमधल्या फेनवेई मैदानात आहे आणि हिवाळ्यात तिथे धूर साचून राहतो. दमा असेल तर बाकी तुलना वाचायची गरज नाही, शांघायला जा.

ताटात काय

इथे माझा पक्षपात लपणार नाही. शीआन गव्हाचा मुलूख आहे. यौपो म्यान नावाचा प्रकार घ्या: हातावर ओढलेल्या रुंद नूडल्स, वर मिरचीची पूड आणि लसूण, आणि त्यावर धूर निघेपर्यंत तापवलेलं तेल ओततात. चर्र आवाज झाला की घरची फोडणीच आठवते. ल्यांगपी म्हणजे थंड नूडल्स, आंबट-तिखट, बहुधा शाकाहारी. जिरं, मिरची, कोथिंबीर सगळीकडे. लाटणं तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, कारण शेजारणीही रोज पीठ मळतात. गव्हाचं कोंड्यासकट पीठ ऑनलाइन मागवता येतं. ज्वारी उत्तर चीनमध्ये पिकते, पण तिचा मोठा वाटा बायज्यो दारूच्या भट्टीत जातो. भाकरीचं पीठ ताओबाओ या ऑनलाइन बाजारात शोधावं लागतं, सापडतं.

डुक्कर टाळणाऱ्यांना शीआनच्या मुस्लीम मोहल्ल्यात सोय आहे, पण तिथे गोमांस भरपूर. दोन्ही टाळायचं असेल तर प्रत्येक वाटीबद्दल विचारावं लागेल. ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्याने भागत नाही, कारण भाजीवर खिमा भुरभुरणं तिथे मांसाहारात धरत नाहीत. ‘खिमा नको, मांसाचा रस्सा नको’ असं फोडून सांगायचं. कॅन्टीनमध्ये टोमॅटो-अंडं, बटाट्याचा परतलेला कीस, टोफू, वांगं यांवर आठवडा निघतो, तोही चिल्लर खर्चात.

शांघायच्या स्थानिक जेवणात साखर आणि सोया सॉस पुढे. ज्याची जीभ कोल्हापूरची आहे त्याला हे पहिले काही महिने जेवण वाटणारच नाही. पण शांघायकडे पर्याय आहेत. १९२२ पासून चाललेलं गोंगदलिन हे शाकाहारी उपाहारगृह आहे, बरीच भारतीय हॉटेलं आहेत, आणि ट्रेनने दोन तासांच्या आत यीवू, जिथे भारतीय व्यापाऱ्यांमुळे तूरडाळ, हिंग, पापड सगळं मिळतं. शीआनला तूरडाळ कुरिअरने येते.

घरी फोन

दोन्ही शहरांत दुखणं एकच, आणि भारतीयांना ते जास्त. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप, गूगल, यूट्यूब बंद. चीनमधले सगळे व्यवहार चालवणारं वीचॅट हे अ‍ॅप भारतात जून २०२० पासून बंद. म्हणजे तुमच्या फोनमध्ये आहे ते आईच्या फोनमध्ये चालत नाही आणि उलट. दोघांकडे आयफोन असेल तर फेसटाइमवर भागतं. भारतीय सिम रोमिंगवर ठेवलं तर व्हॉट्सअ‍ॅप चालतं, कारण डेटा भारतातल्या कंपनीच्या जाळ्यातून जातो. बँकेचे ओटीपीही त्यावरच येतात, त्यामुळे ते सिम बंद पडू देऊ नका. परवाना नसलेलं व्हीपीएन, म्हणजे बंदी चुकवून इंटरनेट वापरायची सोय, चीनच्या नियमांत बसत नाही आणि चालतंही लहरीप्रमाणे. वेळेची अडचण नाही: चीन अडीच तास पुढे, तिथे रात्रीचे साडेनऊ तेव्हा घरी सात.

घरी जायचं तर शांघाय सोपं. शांघाय-दिल्ली थेट विमान नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. शीआनहून निघालात की कुठेतरी बदलावं लागतं.

काम, मुलं, दवाखाना

विद्यापीठात तासिका संपली की दिवस तुमचा. पहिल्या वर्षाच्या मुलांना सप्टेंबरमध्ये लष्करी प्रशिक्षण असतं, म्हणून त्यांचे वर्ग उशिरा सुरू होतात. सुट्ट्या लांबलचक, त्यांचा पगार मिळतो का, म्हणजे करार दहा महिन्यांचा की बारा, एवढं बघा. मोकळ्या वेळात चिनी शिकायची असेल तर शीआनसारखी जागा नाही, कारण तिथे इंग्रजीवर निभावत नाही. दायेन पॅगोडा पाहायला गेलात तर आपल्या पाठ्यपुस्तकातला युआन श्वांग तिथे भेटतो. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला हा भिक्षू ६४५ मध्ये इथे परतला, आणि त्याने नेलेले ग्रंथ ठेवायला ६५२ मध्ये हा पॅगोडा उभारला.

शाळेत दिवस भरगच्च. वर्ग, डबा खायच्या सुट्टीतली ड्यूटी, आणि पालकांचे वीचॅट ग्रुप, जे रात्रीही झोपत नाहीत. सणांच्या सुट्टीला जोडून दिलेला दिवस आधीच्या किंवा नंतरच्या एखाद्या शनिवारी-रविवारी काम करून भरून द्यायचा, हा रिवाज दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे तितकाच चीड आणणारा.

मुलं असतील तर मात्र निर्णय जवळपास तिथेच होतो. शांघायच्या इंटरनॅशनल शाळांची फी वर्षाला दोन लाख युआनच्या पुढे जाते. शिक्षकाच्या मुलाला ती माफ किंवा सवलतीत मिळू शकते, आणि ही सवलत कधी पगारापेक्षाही महत्त्वाची ठरते. शीआनच्या विद्यापीठाकडे असं काही देण्यासारखं नसतं, शहरात अशा शाळाही मोजक्या. आजारपणातही शांघायच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत इंग्रजी बोलणारे आंतरराष्ट्रीय विभाग आहेत, महाग पण आहेत. शीआनला सहकाऱ्याला सोबत घेऊन रांगेत उभं राहायचं.

कुठेही गेलात तरी निघण्यापूर्वी पासपोर्टवरचं नाव नीट पाहा. आपल्याकडे नावापुढे वडिलांचं नाव असतं, आणि चिनी बँक, सिमकार्ड, वीचॅट, रेल्वेचं अ‍ॅप यांतलं प्रत्येक जण ते वेगळ्या क्रमाने, कधी मधली जागा गाळून भरतं. बँकेतलं आणि वीचॅटमधलं नाव एका अक्षराने जरी जुळलं नाही तरी पैसे अडकतात. बँकेच्या पहिल्या फॉर्मवर क्लार्कने नाव कसं लिहिलं त्याचा फोटो काढा, आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तोच फोटो दाखवा.