खिशातला घडीचा चाकू: गोव्याच्या हवेत कुठला घ्यावा?

भाचा वेर्ण्याला कारखान्यात लागला आणि पहिल्या पगारातून त्याला रोज खिशात ठेवायचा चाकू घ्यायचा होता. त्याने फोनवर तीन फोटो पाठवले आणि खाली एवढंच लिहिलं, ‘मामा, खंयचो घेवप?’ (कुठला घ्यायचा?) पहिला फोटो ओपिनेल या लाकडी मुठीच्या फ्रेंच चाकूच्या आठ नंबरचा. दुसरा व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या पायोनियरचा. तिसरा काळ्या पात्याचा, बोट लावताच फटकन उघडणारा, डी-२ पोलादाचा चिनी चाकू. मन त्याचं तिसऱ्यावर होतं, हे विचारण्याच्या घाईवरूनच कळत होतं.

माझी नोकरी पणजीत आणि कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, सावईवेऱ्याला. वीसेक वर्षं खिशात चाकू आहे. त्याने काय काय कापलं जातं ते आधी सांगतो, कारण निवड त्यावरच ठरते. पार्सलांच्या चिकटपट्ट्या, खताच्या पोत्यांची शिवण, सुंभ, मिरीच्या वेली बांधायची दोरी, वायरचं प्लास्टिक. मे महिन्यात मानकुराद आंबे, फणस, भिरंडं म्हणजे कोकमाची फळं. चतुर्थीला गणपतीवर फळं टांगायच्या माटोळीचे दोर. शहाळं मात्र कोयत्याचंच काम. खिशातला चाकू त्यावर चालवू नये, पातंही जातं आणि बोटही.

चाकूंबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक कोरड्या, थंड मुलखातल्या माणसांनी लिहिलेलं असतं. धार किती दिवस टिकते, पोलाद किती कडक, यावर पानंच्या पानं. आमच्याकडे पहिला प्रश्न धारेचा नाही, गंजाचा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. ज्या दिवशी पाऊस नाही त्या दिवशी खिशात घाम. किनाऱ्याजवळ राहत असाल तर वाऱ्यातून येणारं मीठ वेगळंच. कपाटातली चामड्याची चप्पल आठ दिवसांत बुरसते, तिथे पोलादाची काय कथा!

म्हणून आधी पोलाद बघू. ओपिनेल दोन पोलादांत मिळतो: कार्बन आणि इनॉक्स, म्हणजे स्टेनलेस. कार्बनची धार फार गोड लागते. साध्या दगडावर दहा-बारा वेळा फिरवलं की पातं कागदावरून सरसर जातं. पण त्यात गंज अडवणारं क्रोमियम नावापुरतंही नसतं. कैरी कापली की पातं निळसर-राखाडी होतं. तो थर वाईट नाही, पुढच्या लाल गंजाला तो थोडा आवर घालतो. काजूच्या बोंडाची गोष्ट वेगळी. बोंडात टॅनिन भरपूर असतं आणि लोखंडाशी गाठ पडताच ते काळं पडतं. पातंही काळं आणि बोंडाची फोडही काळी. ओल्या सुपारीचंही तसंच. घरच्यांना अशी फोड खायला दिली तर ती ताटातच राहते.

माझ्या जुन्या कार्बन चाकूचं काय झालं ते सांगतो. श्रावणातली गोष्ट. भिरंडं संपून महिना झाला होता, पात्याला आंबट रस लागायचा प्रश्न नव्हता, त्यामुळे चाकू ओल्या विजारीच्या खिशात विसरलो याचं काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी काढला तर लाकडी मूठ फुगून पात्याला चिकटली होती. नखाने काही उघडेना. शेवटी पक्कडीने, फडक्यात धरून ओढलं. पात्यावर तांबूस पुळ्या आलेल्या, आणि पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याच्या जवळ, जिथे फडकं पोचतच नाही, तिथे खड्डे. पुळ्या घासून गेल्या, खड्डे तसेच राहिले. चूक माझीच होती, पण गोव्यात ही चूक एका पावसाळ्यात कधी ना कधी होतेच.

त्यामुळे ओपिनेल घ्यायचा तर इनॉक्स घ्या. त्याचं पोलाद १२सी२७, क्रोमियम साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. धार कार्बनच्या जवळपास जाते आणि आंबा कापून तासभर विसरलात तरी भागतं. व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद त्याहून जरा मऊ. धार लवकर बोथट होते, पण पाच मिनिटांत परत येते आणि गंजाला ते दाद देत नाही. रोजच्या वापरात मला हा सौदा परवडतो.

डी-२ बद्दल मुलांचा गैरसमज होतो. त्यात जवळजवळ बारा टक्के क्रोमियम आहे, म्हणजे स्टेनलेसच की, असं वाटतं. पण त्यात कार्बनही दीड टक्का, आणि तो कार्बन बरंचसं क्रोमियम स्वतःकडे ओढून कठीण कणांत बांधून ठेवतो. गंज अडवायला मोकळं क्रोमियम लागतं, ते थोडंच उरतं. म्हणून डी-२ ची धार महिनोनमहिने टिकते आणि खाऱ्या हवेत त्याच्यावर टिपके मात्र पडतात. पात्याला काळा मुलामा असला तरी धारेची कड उघडीच असते, गंज तिथूनच सुरू होतो. रोज ट्रॉलरवर किंवा होडीत काम असेल तर या तिन्हींच्या पलीकडे जाऊन एच-१ सारखं नायट्रोजनवालं पोलाद बघावं. ते जवळजवळ गंजतच नाही. महाग आहे, पण त्या कामात पैसे वसूल होतात.

आता लॉक, म्हणजे उघडलेलं पातं आपोआप मिटू न देणारी सोय. पायोनियरला लॉक नाही, फक्त पाठीमागच्या स्प्रिंगचा दाब. ओपिनेलला मुठीच्या तोंडाशी फिरवायचं कडं आहे. जोझेफ ओपिनेलने फ्रान्समधल्या सव्वॉयमध्ये १८९० साली हा चाकू केला तेव्हा ते नव्हतं, १९५५ साली आलं. साधं आहे, डोळ्यांना दिसतं, आणि पुरतं फिरवलं तर पातं मिटत नाही. चिनी चाकूंत बहुधा लायनर लॉक असतं: मुठीच्या आत पातळ पत्रा, जो पातं उघडलं की त्याच्या बुडामागे सरकून बसतो. नीट बनवलेला असेल तर उत्तम. स्वस्तात तो कधी अर्धवटच बसतो.

असाच एक स्वस्त चाकू माझ्याकडे होता. नारळाच्या डोळ्यात टोक खुपसून जरा पिळलं आणि पत्रा सरकला. पातं तर्जनीवर मिटलं. तीन टाके पडले, आणि अजून थंडीत ते बोट पुरतं वळत नाही. तेव्हापासून दुकानात लॉकचा चाकू हातात घेतला की मी तो उघडतो, पत्रा पात्यामागे किती आत आला ते उजेडात धरून बघतो, आणि पात्याची पाठ हलकेच मेजावर आपटतो. पत्रा हलला तर चाकू परत. तुम्हीही हे करा, दुकानदार काय म्हणेल याची लाज धरू नका. बिनलॉकचा चाकू तेवढ्यासाठी मला बरा वाटतो: तो मिटू शकतो हे हाताला ठाऊक असतं, त्यामुळे हात कधी खुपसायला जातच नाही. ज्यांच्या कामात टोक खुपसावंच लागतं, त्यांनी मात्र ओपिनेलचं कडंच घ्यावं.

धुण्याचा मुद्दा फारसं कोणी बोलत नाही, आणि आमच्यासाठी तो मोठा आहे. भिरंडाचा रस आंबट, वर सोलं (वाळवलेली सालं) करताना लावलेलं मीठ. हा रस पात्यावरून ओघळून थेट बिजागरीत जातो. पायोनियरच्या फटी उघड्या असतात. नळाखाली कोमट पाण्यात दोन-तीनदा उघडमीट केली, झटकला, पंख्याखाली उघडा ठेवला की झालं. ओपिनेलला पाण्यात बुडवून चालत नाही, लाकूड फुगतं. ओल्या फडक्याने पुसायचा, कड्याखालची चीर काडीने साफ करायची. मुठीला आत-बाहेर तेल मुरवलं तर फुगणं कमी होतं, थांबत नाही. चिनी चाकू या बाबतीत चांगला, कारण स्क्रू काढून तो पूर्ण खोलता येतो. फक्त तेवढा बारीक तारांकित पाना घरात हवा. तेल खोबरेलच लावा. ते सुकून डिंकासारखं होत नाही आणि फळ कापायच्या पात्यावर त्याची भीती नाही. फणस कापण्याआधी पात्यावर त्याचा हात फिरवला तर चीकही लगेच सुटतो.

खिशात ओपिनेल सर्वांत हलका, पन्नास ग्रॅमच्याही आत. पण गोल मूठ स्कूटरवर बसताना मांडीला टोचते. पायोनियर सत्तर ग्रॅमच्या आसपास, चपटा, खिशात आहे हे विसरायला होतं. शिवाय त्याच्यासोबत स्क्रूड्रायव्हर, बाटली आणि डबा उघडायची साधनं, आणि पोत्याला भोक पाडायची आर येते. या आरीनेच मी आता नारळाचा डोळा फोडतो. अॅल्युमिनियमच्या मुठीवरची खरबरीत नक्षी मासे साफ करताना ओल्या झालेल्या हातातूनही सुटत नाही. तिसरा चाकू जड, आणि त्याची क्लिप खिशाबाहेर दिसते.

ती क्लिप दिसणं मला खटकतं. कायद्याने बघाल तर शस्त्र नियमांतली मर्यादा नऊ इंच लांब किंवा दोन इंच रुंद पात्याची आहे, घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली. या तिन्हींचं पातं त्याच्या निम्म्याहूनही लहान. पण जत्रेच्या गर्दीत किंवा कदंबा बसमध्ये काळा चाकू फटकन उघडला तर शेजारची बाई दचकणारच, आणि पोलिसाने विचारलं तर उत्तर आपल्यालाच द्यावं लागणार. दोन हातांनी सावकाश उघडणाऱ्या चाकूने आंबा कापताना कोणी वळूनही बघत नाही. विमानाने जाताना दाबोळी असो की मोपा, चाकू चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत राहिला तर सुरक्षा तपासणीत तो गेलाच समजा.

किमतीत ओपिनेल सगळ्यांत हलका, पायोनियर बराच वर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात शे-दीडशेत घडीचे चाकू मिळतात. स्वयंपाकघरात ठेवायला ठीक, खिशात ठेवायला मी सांगणार नाही. त्यांचा खिळा महिन्याभरात ढिला होतो.

भाच्याला मी पायोनियर घे म्हटलं. तो रोज स्कूटरवर, कारखान्यात पट्ट्या आणि वायरी, रविवारी कुळागर. त्याच्या बाबाला, जो दिवसभर बागेतच असतो आणि दुपारी फळ कापून खातो, त्याला मी इनॉक्सचा आठ नंबर सुचवला, आणि तो फणसाच्या दिवसांत रोज वापरतोय. काळ्या चाकूचा फोटो भाच्याने अजून जपून ठेवलाय. हवा असेल तर पुढच्या वर्षी घे म्हटलं, पण डी-२ नको, १४सी२८एन या स्टेनलेस पोलादाचा बघ, आणि मेजावर आपटून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस.