पु. ल. की कुसुमाग्रज : सांस्कृतिक प्रतीक कोण?

दोघेही मोठे लेखक, यात वाद नाही. पण मोठा लेखक आणि समाजाचं प्रतीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कुसुमाग्रजांकडे कागदपत्रं भक्कम आहेत. १९८७ चं ज्ञानपीठ, ‘नटसम्राट’ आणि २७ फेब्रुवारी हा जन्मदिवसच मराठी भाषा गौरव दिन. एवढा मान दुसऱ्या कुठल्या मराठी लेखकाला मिळालाय? त्या दिवशी शाळेत फोटोला हार पडतो, ‘कणा’ म्हटली जाते. दुसऱ्या दिवशी फोटो पुन्हा कपाटात. (कवीचा यात काय दोष!)

पुलंना असा सरकारी दिवस नाही. पण कुठल्याही लग्नघरात जा. हातात पिशवी, खिशात याद्या, स्वतःचं जेवण विसरून आचाऱ्यापासून भटजींपर्यंत सगळ्यांना हाकणारा एक जण असतोच, आणि कुणीतरी म्हणतंच, “हा आपला नारायण!” म्हणणाऱ्यानं ‘व्यक्ती आणि वल्ली’ वाचलेलं असेलच असं नाही. पुस्तकी बोलणारा पोरगा दिसला की सखाराम गटणे, तिरकस कोकणी म्हातारा भेटला की अंतू बर्वा. त्यात पुलंच्या आवाजातल्या कॅसेटी होत्या; न वाचणाऱ्यांच्या घरीही ते कानांवाटे शिरले.

हां, ही ओळख बरीचशी पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाची, हे मान्य. ‘कणा’ त्याबाहेरही पोचते. तरी माझं मत पुलंना. कुसुमाग्रजांना आपण उभं राहून नमस्कार करतो, पुलंची माणसं मात्र आपल्याच पंगतीत जेवायला बसलेली असतात.